थिराच्या वाऱ्यातल्या सहा काड्या

सहा द्राक्षकाड्या मला फुकट मिळाल्या. त्या आणायला लागलं ते असं: मुंबईहून पोर्ट सैदपर्यंत आगबोटीचं डेकचं भाडं, पुढं ग्रीसच्या आणखी दोन बोटी, एक लोकरी कोट आणि बायकोचा अबोला.

माझ्या नाशिकजवळच्या मखमलाबादच्या द्राक्षबागेची विहीर उन्हाळ्यात तळ दाखवू लागली होती. मुंबई बंदरात निकोला नावाचा ग्रीक खलाशी माझं जुनं गिऱ्हाईक. तो म्हणाला, त्याच्या थिरा बेटावर पाणी नावाला, तरी द्राक्ष होतं. बायको म्हणाली, "विहीर खोल करायची तर समुद्र कशाला ओलांडायचा?" मी पंचवटीभर सांगत सुटलो, की माझ्या हातची काडी दगडावरही फुटते. मग निकोलासोबत निघणं भागच होतं.

जाणाऱ्यानं माघात जावं. छाटणी तेव्हाच असते. धक्क्यावरून गाव सरळ कड्यावर. खेचर करावं, खाली पाहू नये. जेवण आपल्याला चालतं: डाळीचं घट्ट वरण, वर कच्चा कांदा. परका दिसला की दारोदार आधी चमचाभर मुरांबा, मग पाणी, मग चौकशी. चार दारं झाल्यावर मी मुलं किती ते न विचारताच सांगू लागलो.

आपण वेल पांगाऱ्यावर चढवतो. तिथं ती वाऱ्याच्या भयानं जमिनीवरच टोपलीसारखी गोल विणतात. घड आत लपतात. बांधांत शिकंदराच्याही आधीची खापरं. कुणी वाकून पाहत नाही.

मळा निकोलाच्या मावशीचा, मारियाचा. विधवा बाई, मुलगा बोटीवर गेलेला, वेलींच्या रांगेत एक जागा रिकामी. मी काड्या मागितल्या. तिनं नुसत्या भुवया वर केल्या. तिकडं नकार असाच देतात.

"सेठ," निकोला मोडक्या हिंदुस्तानीत म्हणाला, "मावसी बोलती, बेल बेचने का नहीं. ले जाने का तो एक इधर लगाके जाने का. बाजूवाली का टोपली भी बनाने का."

"आणि लावलेली जगली नाही तर?"

मावशी हसून काही बोलली. "बोलती, तो फिर आने का."

रिकाम्या हातानं परतायचं नव्हतं. काडी लावली आणि वाऱ्यात पाठ वाकवून शेजारची म्हातारी वेल विणायला बसलो. मावशी संध्याकाळी येई, माझं विणकाम निमूट उसवी आणि मला मुरांबा देई. शेवटी एका संध्याकाळी तिनं उसवलं नाही. दुसऱ्या दिवशी सहा काड्या माझ्या हातात आल्या.

परतीला त्या ओल्या गोणपाटात छातीशी धरून झोपलो. घरी लावल्या, येईल त्याला दाखवल्या. आषाढात आमची काळी माती भिजली ती वाळलीच नाही.

परवा निकोलाची बोट मुंबईला लागली. त्यानं सांगितलं, मावशीच्या रांगेतल्या माझ्या काडीनं मूळ धरलं आहे. येणाऱ्याजाणाऱ्याला ती 'आमचा हिंदुस्तानी' म्हणून दाखवते. मला तेवढंच पुरेसं वाटतं. विहीर खोल करायला घेतली आहे.

नाशकातल्या सहांपैकी एकही फुटली नाही. सराव राहावा म्हणून छाटलेल्या काड्यांची एक टोपली विणली होती, तीत सध्या आमची कोंबडी अंडी घालते.