आईच्या नावची वजावट

२०११च्या भूकंप-त्सुनामीनंतरच्या वर्षी मी जपानात कावासाकीला नोकरीला आलो. बरेच परदेशी लोक तेव्हा देश सोडून गेले होते, त्यामुळे ऑफिसात माझ्या धाडसाचं भारी कौतुक झालं. माझं धाडस एवढंच, की पुण्यात दुसरी ऑफर नव्हती.

पहिल्याच डिसेंबरात ऑफिसातल्या एका सीनियर मराठी माणसानं मला दीक्षा दिली. टॅक्सच्या फॉर्मात भारतातले नातेवाईक ‘माझ्यावर अवलंबून’ म्हणून दाखवायचे, की टॅक्स उतरतो. त्यानं आईवडील, सासू-सासरे आणि एक आत्या पोसायला घेतली होती. इतका कुटुंबवत्सल माणूस मी पुन्हा पाहिला नाही. माझ्या बाबांना सरकारी पेन्शन होतं, म्हणून त्यांना घालायचा धीर झाला नाही. आईला घातलं. पुढे नियम कडक झाले, पैसे पाठवल्याच्या पावत्या मागायला लागले. मग मी दर महिन्याला आईच्या खात्यावर आपोआप पैसे जातील अशी सोय करून टाकली. खातं तिचं आणि बाबांचं मिळून होतं.

काही वर्षांनी आई गेली. मी तेरा दिवस पुण्यात राहून परत आलो. डिसेंबरात टॅक्सचा फॉर्म नेहमीप्रमाणे मागच्या वर्षीचा मजकूर छापूनच आला. बदल नसेल तर सहीऐवजी फक्त आपल्या नावाचा शिक्का मारायचा. माझ्या लक्षात आलं नाही, असं लिहायला मला आवडलं असतं. मी शिक्का मारला. पुढच्या वर्षीही मारला, त्याच्या पुढच्याही. पावत्या हव्यात म्हणून पैसेही जात राहिले.

मग इथे नवा कायदा आला आणि सरकारी कामाच्या प्रोजेक्टवर घ्यायच्या माणसांची तपासणी सुरू झाली. तो प्रोजेक्ट मला हवा होता, कारण बढती त्यातूनच मिळणार होती. कर्ज किती, कार्डाचे हप्ते चुकले का, टॅक्स थकलाय का, दारू किती पिता, सगळं लिहून द्यायचं. कर्जबाजारी माणूस देशाची गुपितं विकतो असा त्यामागचा हिशोब. माझ्या हाती येणारी गुपितं फुकट दिली तरी कुणी नेली नसती, पण फॉर्म तो फॉर्म.

त्यात आईवडिलांची माहिती होती. हयात नसल्यास तारीख. मी आईची तारीख लिहिली आणि हात थांबला. या कागदावर ती वारली होती, टॅक्सच्या कागदावर मी तिला पोसत होतो.

एचआरच्या बाईंना जाऊन सांगितलं. त्या शांतपणे म्हणाल्या की थकलेला टॅक्स भरता येतो, लपवलेला मात्र अंगाशी येतो. व्याजासकट सगळा भरा, आणि दुरुस्तीसाठी आईच्या मृत्यूचा दाखला जोडा.

दाखला बाबांकडे होता. त्यांना फोन केला. आता कशाला हवाय, असं त्यांनी विचारलं, तेव्हा काहीतरी थाप मारायचं मनात आलं होतं. पण ज्यांची सगळी नोकरी कोषागारात गेली त्यांच्यापुढे हिशोबाची थाप टिकत नाही. सगळं सांगून टाकलं. ते रागावतील असं वाटलं होतं.

“बँकवाले तिचं नाव काढा म्हणून मागे लागले होते,” ते म्हणाले. “मी काढलं नाही. तुझे पैसे तिच्या नावानं येत होते ना. मला वाटलं, तुला ते बंद करवत नाहीये.”

इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. दाखल्याची प्रत उद्या पाठवतो म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

टॅक्स भरला, व्याज भरलं, दुरुस्ती झाली. काही महिन्यांनी तपासणीचा निकाल आला. मी भरवशाचा माणूस आहे, असं सरकारनं लेखी कळवलंय. बाबांना ते अजून सांगितलेलं नाही.