दोन्ही बाजूंनी एकच गणपती

तुमच्या खिडकीतला देव रस्त्यावरून कसा दिसतो, हे कधी बाहेर जाऊन बघितलंत? नाही ना? राजनंदिनीनंही बघितलं नव्हतं, आणि तिचं तर पोटच खिडक्यांवर.

घडियाळी पोळीतली, म्हणजे जुन्या शहरातल्या अरुंद गल्लीतली, ही पोरगी. पणजोबा संस्थानच्या पागेत, वडील रिक्षावाले आणि हिला नाद रंगीत काचांचा. जुन्या दारांची फुटकी तावदानं सांधत हात बसवला. शिकवणारं कुणी नव्हतं, हिणवणारे रगड. आजवर सांधली ती दुसऱ्यांचीच नक्षी. वाघोडिया रोडला देवश्री या गिऱ्हाइकाच्या नव्या घरात जिन्यावरची उंच खिडकी मात्र पहिल्यांदाच सगळी हिची. ही साधली की ठिगळं लावणारी म्हणून ओळखणाऱ्यांची तोंडं बंद.

गणपती ठरला. सोंड डावीकडे, उजव्या सोंडेच्या देवाचं सोवळं कडक, आणि या घराला सकाळीच कुलूप लागायचं.

राजनंदिनीची एक रीत होती. कापलेल्या काचा ती लगेच शिशाच्या पट्ट्यांत बसवत नसे. आधी मेणाच्या ठिपक्यांनी साध्या तावदानावर चिकटवून उन्हाची वाट बघायची. त्या दुपारी ऊन आलं आणि पायऱ्यांवर शेंदरी, पोपटी, जांभळं नुसतं सांडलं. देवश्रीनं त्या रंगांत हात धरून बघितला. राजनंदिनीला तर नाचावंसं वाटलं.

तेवढ्यात देवश्रीच्या सासूबाई, निरुपमाबाई, भाजीची पिशवी घेऊन आल्या आणि फाटकातच थबकल्या.

"अगं, हा तर उजव्या सोंडेचा."

"डावीच आहे, काकू. आत येऊन बघा."

"तूच बाहेर ये."

ती तणतणत गेली आणि रस्त्यावर उभी राहून वर बघितलं. काच आरपार. आतून डावी ती बाहेरून उजवी, एवढं साधं सुचलं नव्हतं.

घरात तर डावीच आहे ना, मग चालशे, चालेल की, असं म्हणून देवश्रीनं विषय मिटवायला बघितलं. राजनंदिनी भडकली.

"घरातल्यांना मायाळू देव आणि रस्त्याला कडक? भाजीवालीनं काय घोडं मारलंय? माझे वडील दिवसभर रस्त्यावरच असतात, ताई."

तिनं आराखड्याचा कागद पालथा केला, मधोमध दुमडला, पायरीवरच अर्धं तोंड रेखलं, दुसऱ्या अर्ध्यावर गिरवलं. उघडला तर समोर बघणारा गणपती, सोंड सरळ वर, टोकाशी मोदक. आतून बघा, बाहेरून बघा, तोच.

निरुपमाबाईंनी कागद उन्हात धरून दोन्हीकडून न्याहाळला. "मोदक कुणाला देतोय गं?"

"मान वर करेल त्याला."

काचा पुन्हा कापल्या, खिडकी बसली. संध्याकाळी जिन्यातला दिवा लागला की आता रंग रस्त्यावर उतरतात, रिक्षा थांबतात, आणि त्यातली एक तिच्या वडिलांची असते.

तुम्हीही तिकडून जाल तेव्हा गाडी जरा हळू करा, वर बघा. घर कुणाचं ते राहू द्या. खिडकी कुणी घडवली तेवढं विचारा, आणि राजनंदिनीचं नाव मोठ्यानं घ्या.