बिनमिठाची पोपटी आणि बदलीचं कलम

माझी लेक पाण्याच्या सरकारी महामंडळात अभियंता आहे आणि मी चौथी पास आहे, तेही मास्तरांनी ढकललं म्हणून. तेव्हा अभियंत्यांच्या संघटनेचा महामंडळाशी जो करार झाला तो मला सगळा कळला अशी थाप मी मारणार नाही. पण त्यातलं एक कलम माझ्या तोंडामुळे बुडता बुडता राहिलं. तेवढं मला पाठ आहे.

आमचं घर जित्याच्या स्टेशनापासून खाडीच्या अंगाला. मी जन्मभर मिठागरात मीठ ओढलं. ऊन, खारं पाणी आणि मीठ, दुसरं काही पाहिलं नाही. लेक मात्र शिकली. आता सकाळच्या गाडीनं रोह्याला जाते, संध्याकाळच्या गाडीनं परत येते. लग्न केलं नाही. का केलं नाही ते तिला विचारा, मी विचारून दमलो. तिची आई गेली त्याला दोन पावसाळे झाले. तेव्हापासून घरात आम्ही दोघंच, आणि दोघंही तोंडाळ.

मागच्या पौषात एक दिवस ती आली, चप्पल काढली आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "बाबा, यादीत माझं नाव लागलंय."

"कसल्या यादीत?"

"बदलीच्या. रोह्यातली मुदत भरली माझी. चंद्रपूरकडे टाकतायत."

चंद्रपूर कुठे आहे ते मला ठाऊक नव्हतं, पण ती ज्या तऱ्हेनं बोलली त्यावरून लांब असणार हे कळलं. मी भाकरी थापत होतो. वर न बघता म्हटलं, "मग जा. सरकारची नोकरी हाय, सरकार नेईल तिकडं जायचं. माझं काय अडत नाय."

"खरंच अडत नाय?"

"नाय."

भाकरी करपली. ती तिनंच खाल्ली आणि त्यावर काही बोलली नाही. एरवी ती करपलेल्या भाकरीवर पावशेर तरी बोलते.

मग तिनं सांगितलं की जुन्या कराराची मुदत संपली आहे, नवा ठरतोय आणि रायगडच्या अभियंत्यांतर्फे बोलणीला हीच जाते. ते काम दुसऱ्या कोणाला नको होतं. साहेबांशी भांडायला कोण पुढे होतो? बदल्यांविषयी एक नवं कलम मागितलंय, ते झालं तर बघू, म्हणाली. कलमात काय आहे ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. आमच्या घरात महत्त्वाचं कोणी विचारत नाही. ते काम तिच्या आईकडे होतं.

बोलणीची शेवटची बैठक रोह्याच्या विश्रामगृहात ठरली, कारण महामंडळाचे मोठे साहेब पाहणीसाठी दोन दिवस तिथे उतरणार होते. आदल्या दिवशी लेक फोनवर कोणाला तरी सांगत होती की विश्रामगृहाचा खानसामा पुतणीच्या लग्नाला गेलाय, जेवणाचं काहीतरी बघावं लागेल. माझे कान अजून शाबूत आहेत.

"मी येतो," म्हटलं. "पोपटी लावतो."

"अजिबात यायचं नाय."

"का गो? मी काय साहेबाला चावतो?"

"बाबा, एक दिवस ऐका माझं. घरी बसा."

घरी बसा म्हटल्यावर घरी बसणारा मी असतो तर मिठागरात चार मुकादमांशी भांडलो नसतो. ती सकाळच्या गाडीनं गेली. पुढच्या गाडीनं मी मडकं, भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, कांदे, बटाटे, अंडी आणि मसाला चोळलेल्या दोन कोंबड्या घेऊन निघालो. पेणला एक माणूस चढला, पाल्याचा वास घेऊन म्हणाला, "काका, कुठं पोपटी?" म्हटलं, "सरकारात."

ज्यांना पोपटी ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. मडक्याच्या तळाला भांबुर्डीचा पाला घालायचा, वर शेंगा आणि बाकीचं सगळं भरायचं, पाल्यानंच तोंड गच्च बंद करायचं, मडकं जमिनीवर पालथं घालायचं आणि भोवती पेंढा, काटक्या, गोवऱ्या रचून जाळ करायचा. पाण्याचा थेंब घालायचा नाही. सगळं आपल्या वाफेवर शिजतं. आणि एकदा जाळ लागला की मडकं उघडेपर्यंत कोणी उठून जायचं नाही, अशी आमच्याकडची रीत आहे. मध्येच उठला तो पुढच्या वर्षी मडकं आणणार.

विश्रामगृहाच्या मागे नदीकडच्या बाजूला मी जागा केली. लाकडं ओली होती. कुऱ्हाड मागून घेतली आणि फोडत बसलो. तेवढ्यात मागच्या ओसरीवर एक गृहस्थ हातात चहाचा कप घेऊन आले. पांढरा शर्ट, चष्मा कपाळावर. बैठकीतून पाय मोकळे करायला आले असावेत.

"वा," म्हणाले, "काय वय तुमचं?"

"पंच्याहत्तर पुरी झाली."

"आणि कुऱ्हाड चालवता?"

माणसानं असं विचारलं की माझी जीभ सुटते. म्हटलं, "साहेब, मीठ खाल्लेलं हाड हाय. मी पाणी भरतो, भाकरी करतो, जाळं टाकून मासळी आणतो. मला कोणाची गरज नाय."

"घरी कोण असतं?"

"लेक. पण ती असली काय, नसली काय, माझं अडत नाय."

"लेक काय करते?"

"तुमच्यातच हाय. आत बसलीय की."

साहेबांनी चष्मा डोळ्यांवर घेतला, माझ्याकडे नीट बघितलं, हसले आणि आत गेले. मला वाटलं आपण लेकीची पत वाढवली.

थोड्या वेळानं लेक बाहेर आली. कंबरेवर हात. मी बाजारातून बुळबुळीत मासे आणले की तिची आई अशीच उभी राहायची.

"काय बोललात तुम्ही मोठ्या साहेबांना?"

"ते मोठे साहेब होते?"

"बाबा!"

"खरं तेच बोललो. मी धडधाकट हाय म्हटलं."

ती माझ्या शेजारी लाकडांवर बसली आणि मग तिनं ते कलम सांगितलं. ज्या अभियंत्याच्या घरी म्हातारे आई किंवा वडील एकटेच उरलेत, त्याला बदलीत जवळची जागा द्यावी. संघटनेनं एवढं मागितलं होतं. महामंडळाचं म्हणणं, देऊ, पण ते माणूस असहाय असल्याचा डॉक्टरचा दाखला लागेल. त्यावर दोन बैठका अडल्या होत्या.

"साहेब आत जाऊन काय म्हणाले सांगू? म्हणाले, तुमचं असहाय कलम मागे लाकडं फोडतंय. सगळे हसले. आमच्या संघटनेचे अध्यक्षसुद्धा."

मी कुऱ्हाड खाली ठेवली.

"मग तू काय बोललीस?"

"काय बोलणार? हा माझ्या घरचा विषय आहे, मी बाहेर बसते, तुम्ही ठरवा म्हटलं, आणि उठून आले."

म्हणजे लेक माझ्यासाठी भांडत होती आणि मी मागच्या दारानं येऊन तिची नाव बुडवली. "आता लंगडत जाऊ काय?" मी विचारलं. तिला हसू आलं. खूप दिवसांनी ती अशी हसली. म्हणाली, "आता मडकं भरा. काम तरी नीट करा."

मी मडकं भरलं. तोंड बंद केलं, पालथं घातलं, जाळ लावला. दुपार कलत आली होती. बैठकवाले भुकेनं एकेक करून मागे जमले. संघटनेचे अध्यक्ष, पोटानं मोठे आणि आवाजानं त्याहून मोठे, खुर्ची घेऊनच आले. मी सगळ्यांना रीत सांगितली की आता कोणी उठायचं नाही.

मोठे साहेब म्हणाले, "मला चारला फोन करायचाय."

"मग पुढच्या वर्षी मडकं तुमचं," मी म्हटलं.

"साहेब, लेखी द्या," अध्यक्ष म्हणाले. "नाहीतर बदली होऊन जाल आणि मडकं बुडवाल."

साहेब बसले. मग सगळे अभियंते असल्यामुळे तो जाळ म्हणजे सरकारी काम झालं. एक म्हणाला वारा पूर्वेकडून आहे, त्या बाजूला गोवऱ्या वाढवा. दुसरा म्हणाला मडक्याची जाडी बघितली का? तिसऱ्यानं घड्याळ लावलं. मी म्हटलं, "तुम्ही पाइपलाइन टाकताना एवढं बघता काय?" त्यावर साहेबच सर्वात मोठ्यानं हसले. मडक्यावर पाणी शिंपडलं, चर्र झालं आणि क्षणात सुकलं. म्हणजे झालं.

केळीच्या पानावर मडकं रिकामं केलं. वाफ आली, पाल्याचा वास आला, सगळे तुटून पडले. मग हळूहळू बोलणं थांबलं. मला वाटलं चवीनं थांबलं.

साहेब म्हणाले, "छान आहे. वेगळीच चव आहे." घाटावरचा माणूस, तो बिचारा आणखी काय म्हणणार!

अध्यक्षांनी शेंग सोलली, तोंडात टाकली, माझ्याकडे बघितलं, परत पानाकडे बघितलं. लेक माझ्या कानाशी आली.

"बाबा. मीठ."

"काय मीठ?"

"नाय त्यात."

मी शेंग खाल्ली. कोंबडीचा तुकडा खाल्ला. मीठ नव्हतं. जन्मभर मीठ ओढलेल्या माणसाच्या पोपटीत मिठाचा खडा नव्हता. ओवासुद्धा नव्हता.

पहिलं हसू अध्यक्षांचं फुटलं. "काका, तुमच्याकडे मिठाचा संप चाललाय काय?" मग सगळे सुटले. मीही हसलो. हसता हसता मला कळलं की असं का झालं. इतकी वर्षं आमच्या घरात मडकं लेकीची आई भरायची आणि जाळ मी करायचो. मीठ आणि ओवा तिच्या मुठीत असायचा. थरावर थर लावताना ती मूठ सोडत जायची आणि मी काटक्या मोडत बसायचो. माझ्या हातांना मडक्यात मीठ टाकायचं ठाऊकच नव्हतं.

ते मी तिथेच बोललो. मला मनात ठेवता येत नाही. साहेबांकडे वळून म्हटलं, "साहेब, मघाशी मी फुशारकी मारली. मी लाकडं फोडतो, मासळी आणतो, ते खरं. कुठलाही डॉक्टर मला असहाय असल्याचा दाखला देणार नाय, आणि दिला तर मी त्याच्या तोंडावर मारीन. मी असहाय नाय. एकटा हाय. आज घरातून निघताना दुसरं माणूस दारात असतं तर त्यानं विचारलं असतं, मीठ घेतलंत का? तेवढंच. त्याला दाखला कसला मागता?"

लेक जमिनीकडे बघत होती. साहेबांनी बोटं पुसली.

"माझी आई साताऱ्यात असते," ते म्हणाले. "ती पण सांगते, माझं काही अडत नाही." मग उठले आणि म्हणाले, "आतून मीठ आणा आधी. मग कलम परत वाचू."

मीठ आलं, बारीक, पुडीतलं. ते मीठ मी मिठात धरत नाही, पण त्या दिवशी वरून भुरभुरलं. पान साफ झालं. सगळे आत गेले. लेक परत माझ्याशेजारी बसली, कारण त्या कलमाचा विषय निघाला की ती बाहेर. आत आवाज चढत होते, उतरत होते. एकदा अध्यक्ष ओरडले, "रविवार? प्रत्येक रविवार?" मी म्हटलं, "गेलं वाटतं."

"नाय," ती म्हणाली, "ओरडतायत म्हणजे जमतंय. गप्प बसले की समजायचं गेलं."

राखेतून तिनं काडीनं एक राहिलेला बटाटा काढला, अर्धा मला दिला. "आईनं पाहिलं असतं तर?"

"मडकं माझ्या डोक्यात घातलं असतं."

शेवटी अध्यक्ष दारात आले. "मॅडम, आत या. सही करायचीय."

झालं होतं. दाखल्याची अट निघाली. त्याबदल्यात टंचाईच्या दिवसांत अभियंत्यांनी पाळीपाळीनं रविवारीही कामावर यायचं कबूल केलं, आणि जवळची जागा एका वेळी तीनच वर्षं मिळणार, मग परत अर्ज करायचा. लेकीनं सही केली. चंद्रपूर टळलं. साहेबांनी जाताना मला हात जोडले आणि म्हणाले, "काका, चारचा फोन राहिला. पण मडकं मी आणणार नाही."

परतीच्या गाडीत लेक खिडकीशी बसली होती. पेण गेल्यावर म्हणाली, "तुमचं खरंच अडत नाय ना?"

"रविवारी अडेल," मी म्हटलं. "तू नसशील."

ते या उन्हाळ्यात खरं झालं. तिच्या पाळीच्या रविवारी ती कुठल्या कुठल्या गावांना टँकर आणि विहिरी बघत फिरते, आणि मी उंबऱ्यावर बसून करार करणाऱ्यांना शिव्या घालतो. बाकीच्या दिवशी संध्याकाळी ती घरी असते. मध्ये मला पेणच्या दवाखान्यात नेलं, रक्तदाब मोजून आणला, तो चढलेला निघाला. आता मी कालवणाला हात लावला की मागून आवाज येतो, "बाबा, मीठ टाकलंत का?"

मी म्हणतो, "टाकलं."

"किती?"

मिठागरातल्या माणसाला मीठ किती म्हणून विचारते. जास्त असेल तर कालवण उचलून त्यात पाणी ओतते. त्यावरून आमचं रोज भांडण होतं, आणि त्या भांडणाची अजून अडीच वर्षं शिल्लक आहेत.