दानीच्या नावाने उडवलेलं गाव

एस्तेरताई शांतपणे गेली असं कोणीही लिहू नका. ती रागावलेलीच गेली.

काल दुपारी मी पनवेलजवळच्या विचुंब्यात, तिच्या फ्लॅटवर होते. टीव्हीवर कुठल्यातरी हल्ल्यावरची डिबेट चालू होती. सूट घातलेला एक माणूस 'घुसून मारा, घुसून मारा' असं ओरडत होता.

"बंद कर त्याला," ती म्हणाली. त्यानंतर ती बोललीच नाही.

जे तिला ओळखत नव्हते त्यांच्यासाठी लिहिते.

एस्तेर आपटेकर. बेने इस्रायल, म्हणजे आपल्या कोकणातले मराठी ज्यू. आडनाव पाताळगंगेकाठच्या आपटा गावावरून आलेलं. पनवेलमध्ये आमच्या भिंतीला भिंत लागून घर. आई लवकर गेलेली, वडील बेंजामिनकाका तहसील कचेरीत अव्वल कारकून. एस्तेरताई घरी इंग्रजीची ट्यूशन घ्यायची. मी तेव्हा आठवीत.

तिचे दोन्ही धाकटे भाऊ, दानी आणि जो, इस्रायलला गेले होते. समाजातले बरेच जण जात होते. तिथे गेलं की सैन्यात भरती व्हावंच लागायचं.

आपली पासष्टची लढाई होऊन वर्ष झालं असेल, तेव्हा दानी गेल्याची तार आली.

सरहद्दीपलीकडून आलेल्या लोकांनी रस्त्यात सुरुंग पेरला होता. दानीची जीप त्यावरून गेली.

काही दिवसांनी पेपरात बातमी आली. तिथल्या सैन्याने पलीकडच्या एका गावात शिरून घरं डायनामाइटने उडवली. माणसंही मेली.

आणि आमचं पनवेल खूश झालं! ब्लॅकआउटचे काळे कागद काही खिडक्यांवर अजून तसेच होते. बदला या शब्दाची चटक लागलेली होती सगळ्यांना.

गावातल्या पुढाऱ्यांनी शाळेच्या हॉलमध्ये दानीची शोकसभा ठेवली. टेबलावर त्याचा फोटो, फोटोला झेंडूचा हार. पुढच्या रांगेत बेंजामिनकाका, एस्तेरताई, आणि तिच्या शेजारी मी.

मुख्य वक्ते तावातावाने बोलले. "आपल्या पनवेलच्या एका पोरासाठी त्यांनी अख्खं गाव उडवलं! याला म्हणतात सरकार! आपल्याला कधी जमणार हे?"

टाळ्या.

शोकसभेत टाळ्या!

बेंजामिनकाकांनी मान खाली घातली. एस्तेरताई उभी राहिली.

"त्या गावातलं कोण आलं होतं दानीला मारायला?"

वक्ते गडबडले. "पोरी, तू दुःखात आहेस. बस खाली."

"दुःखात आहे म्हणूनच विचारते. माझ्या भावाच्या नावावर कोणाला मारलं, तेवढं सांगा."

तिने फोटोवरचा हार काढून टेबलावर ठेवला, फोटो उचलला, वडिलांचा हात धरला आणि चालू लागली.

दुसऱ्या दिवसापासून ती देशद्रोही.

कुठल्या देशाची, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही.

ट्यूशनला मुली येईनाशा झाल्या. काकांना कचेरीत साहेबाने बोलावून समज दिली. माझे वडीलही म्हणाले, "काही दिवस जाऊ नकोस तिकडे." मी जात राहिले.

मग आंब्याच्या दिवसांत जो सुट्टीवर आला. एस्तेरताईने मलिदा केला, पोहे, गूळ, खोबरं घालून. त्यांच्याकडे शुभप्रसंगी करतात. जोने हातही लावला नाही.

काकांनी विचारलं, "सुरुंग पेरणारे सापडले का रे?"

"नाही पपा. ते त्या गावचे नव्हतेच म्हणतात."

"मग कोण सापडलं?"

"घरं सापडली."

काका त्याच्याकडे बघत राहिले. "तू होतास तिथे?"

"होतो."

मग जो आपणहून सांगू लागला. "एक म्हातारी उंबऱ्यात बसली होती. उठेचना. मी तिला उचलून रस्त्यात नेऊन ठेवली. मग आम्ही तिचं घर उडवलं. ती मला काहीतरी सांगत होती. मला तिची भाषा येत नाही, पपा."

एस्तेरताई म्हणाली, "परत जाऊ नकोस."

"पळपुटा म्हणतील."

"म्हणू देत. मला इथे काय काय म्हणतात, ऐकलंस ना?"

तो गेला. महिन्याभरात तिकडे मोठी लढाई पेटली. इस्रायलने ती जिंकली म्हणून जगभर कौतुक झालं. किती भराभर जिंकली!

जो त्यात मेला.

शोकसभावाले पुन्हा दारात आले. या वेळी मोठं मैदान घ्यायचं म्हणाले. काका आतून उठलेच नाहीत. एस्तेरताई उंबऱ्यावर उभी राहिली.

"या वेळी कोणतं गाव उडवायचं, ते ठरवूनच आलात का?"

आणि तिने दार लावून घेतलं.

पुढच्या पावसाळ्यात काका गेले. समाजातली घरं एकेक करून रिकामी झाली. ती मात्र इथेच राहिली, मुलींना शिकवत. भावांच्या कबरी तिने कधीच पाहिल्या नाहीत. नातेवाईक तिकीट काढायला तयार होते. म्हणायची, "गेले तर आधी त्या गावी जाईन. तिथे मला कोण सोडणार?"

इतक्या वर्षांत इथे, तिथे, कुठेही हल्ला झाला की लोकांना तिचं मत हवं असायचं. पत्रकार यायचे. ती एकच विचारायची, "मेलेल्यांची नावं आणलीत का? दोन्हीकडची?" कोणी आणायचं नाही. ती चहाही विचारायची नाही.

आज तिला माती दिली. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. पनवेलमध्ये तेवढे जमेनात, म्हणून चौघे ठाण्याहून आले. निघताना ओळखीच्या एका गृहस्थांनी हळूच मला विचारलं, "ह्या त्यांच्यातल्याच ना? मग त्यांना तर बरंच वाटत असेल, तिकडे जे चाललंय ते बघून?"

मी सत्तरीच्या पुढची बाई. कब्रस्तानाच्या फाटकात उभी राहून मी त्या माणसावर ओरडले. आवाज फाटेपर्यंत ओरडले. मला त्याची अजिबात लाज वाटत नाही.

एस्तेरताई, तुला मनापासून शेवटचा नमस्कार.