लिंपलेली मडकी

भावाचं कार्ड आलं तेव्हा मी अंगणात ज्वारी निवडत होते. असलं कार्ड आम्ही घरात नेत नाही; उंबऱ्याबाहेर वाचायचं आणि फाडून टाकायचं. वाचलं, फाडलं. माझी भावजय इंदू गेली. तीन दिवसांचा ताप, बस्स...

पुलगावला गिरणीमागे त्यांच्या दोन खोल्या, मातीच्या भिंतींच्या. कुंभारीण माशीने घरात मातीची मडकी बांधली की त्या घरात पाळणा हलतो, म्हणून ती मोडू नयेत, असं आमच्याकडे मानतात. इंदूच्या खाटेमागच्या भिंतीला माशी ती दरवर्षी बांधायची, आणि इंदूची पहिली दोन मुलं पोटातच गेली होती. तरी तिला त्या माशीचं वेडच लागलं. तव्यावर भाकरी करपायची आणि ही कमरेवर हात ठेवून भिंतीपाशी उभी. कुंभारीण आधी मडक्यात धाग्याला अंडं टांगते, मग पिल्लाला खायला हिरव्या अळ्या भरते, त्या मेलेल्या नसतात, नुसत्या बधिर असतात, हे सगळं तिनेच मला सांगितलं. मी म्हणायचे, रिकामपणाचे उद्योग. माझी जीभ तशी तिखटच.

चार वर्षांपूर्वी, आपला जिल्हा अजून मध्यप्रदेशात होता तेव्हा, तिच्या तिसऱ्या बाळंतपणाला मी गेले. दिवस पुरे भरले होते. मुलगा झाला, पण मेलेला. तिने बघू नये म्हणून मीच त्याला फडक्यात गुंडाळून सुइणीच्या हाती बाहेर दिला. तिला विचारलंसुद्धा नाही. आठव्या दिवशी ती भिंतीकडे बघत म्हणाली, "बाई, कुंभारीण तोंड लिंपते अन् निंगून जाते. लेकराचं तोंड तिले कधीच दिसत नाई."

मला ते सोसवलं नाही. खोटी आस लावणाऱ्या त्या मडक्यांचाच राग आला. उलथनं घेतलं आणि फोडली. आतून अळ्या पडल्या आणि तांदळाएवढा एक पांढरा किडा. इंदू एवढंच म्हणाली, "काऊन फोडलं बाई? आत जीव होता." दुसऱ्या दिवशी मी गाडी धरली. पुन्हा तिच्याकडे गेले नाही. चूक माझी होती हे कळत होतं, पण मोठेपणा आड आला...

परवा तेराव्याला गेले. तिची खाट उभी केली आणि भिंतीवर तीच मडकी दिसली, फुटलेली तोंडं पुन्हा लिंपलेली. कुंभारणीचं काम गोल, गुळगुळीत असतं. हे जाडं, वेडंवाकडं होतं, आणि त्यावर बोटांचे ठसे होते. सांडलेलं सगळं तिने वेचून परत आत ठेवलं असणार. पिल्लू बाहेर पडल्याचं भोक मात्र कुठेच नव्हतं.

भिंत पोतारताना एवढं राहू दे, असं मी भावाला म्हटलं. तो खाली बघत म्हणाला, "दरसाली तेवढं सोडूनच पोतारे. मले म्हणे, आत हाय अजून."