वाऱ्याला आडवं पळायचं

एका जुन्या शूटर गेमसाठी आम्ही दोघांनी घरबसल्या नवी मोहीम रचायला घेतली, त्याला तीन वर्षं झाली. मित्र पेणजवळच्या जोह्याचा, गणपतींच्या कारखान्यात रंग मारणारा; गेममधल्या भिंतींवरचा गंज, ओल, सगळं त्याच्या हातचं. मी धाटावला एका केमिकल कंपनीत शिफ्टमध्ये. म्हणून केमिकल कंपनीची लेव्हल माझ्याकडे आली.

तिच्यात सुरुवातीला मी शत्रू ठेवलाच नाही. ओली फरशी, पाइपांची घरघर, पिवळट उजेड, आणि उंच खांबावर वाऱ्याची दिशा दाखवणारी नारंगी कापडी नळी. मग भोंगा होतो, गॅस सुटतो. आमच्याकडे पहिल्याच दिवशी शिकवतात: नळी बघायची आणि वाऱ्याला आडवं पळायचं. लेव्हल नेटवर टाकली, तर खेळणारे मात्र वाऱ्याबरोबरच समोरच्या गेटकडे धावत सुटायचे आणि मरायचे. वर लिहायचे, लेव्हल अन्यायाची आहे. मला संताप यायचा. यांना गोळ्या चुकवता येतात, पण जरा मान वर करायला नको.

मित्र म्हणाला, "एक हिरवा बाण लाव, नायतर ही लेव्हल मी काढतो. लोक गेम सोडून चाललेत."

मी हट्टाला पेटलो. बाणाशिवाय सुटणारा एक तरी माणूस दाखवतो, म्हटलं.

त्यासाठी रोह्याला घरी वडिलांनाच बसवलं. ते माझ्याच कंपनीतून निवृत्त झालेले. बोलताना अजून धाप लागते. सांगायचं त्यांनी, बटणं मी दाबायची. भोंगा झाला.

"वर बघ आधी. वारा गेटाकडं हाय. डावीकडं चल, आडवा."

गॅस मागे राहिला. टोकाचं दार उघडलं आणि आम्ही सुटलो. मला इतका आनंद झाला की मी टाळी वाजवली.

ते हसले नाहीत. "हितं दार कुठनं आलं?"

"गेममध्ये बाहेर पडायला वाट लागते, बाबा."

"आपल्याकडं हितं भिंत हाय. खरा गॅस सुटला त्या दिवशी आम्ही तिघं आडवेच पळालो. भिंतीपाशी गेलो नि थांबलो. मी एकटाच घरी आलो."

ती भिंत अजून आहे. कंपनीचा इंच न् इंच मी लेव्हलमध्ये उतरवला होता, तेवढं एक दार मनानं घातलं होतं, आणि खऱ्या कंपनीत तिथून सुटका नाही, हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. आता कुठल्या तोंडानं हट्ट धरणार; मी मित्राला कळवलं, बाण लाव. लेव्हल आता लोकांना आवडते.

पुढच्या आठवड्यात नव्या भरतीला सुरक्षेचे नियम सांगायचं काम माझ्याकडे आलं. एकानं विचारलं, "आडवं पळायचं, मग पुढं?"

"पळायचं," मी म्हटलं, आणि पुढचा नियम वाचायला घेतला.