पूजेआधीची प्लेट

डॉक्टरांनी सांगितलं म्हणून जुळे सोलापुरातले पंचाक्षरी रोज सकाळी फिरायला जात. बियाण्यांच्या दुकानात दिवसभर गादीवर बसून वजन शंभरावर गेलं होतं आणि मागच्या वर्षी साखरही निघाली होती.

फिरून आलं की आंघोळ. मग बायको सिद्धम्मा बोटाला सुई टोचून साखर तपासायची. त्यानंतर पूजा आणि मगच न्याहारी: ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, दही. गळ्यातल्या इष्टलिंगाच्या पूजेआधी त्या लिंगायत घरात कुणी काही तोंडात घालत नाही. त्यामुळे मशीनवरचा आकडा उपाशीपोटीचाच, यात शंका घ्यायचं कारण नव्हतं.

पंचाक्षरी मात्र खाऊन आलेले असत. बागेबाहेरच्या गाड्यावर भिजवून फोडणीला टाकलेल्या चुरमुऱ्यांची सुशीला, वर मूठभर शेव, मग गोड चहा.

‘अण्णा, चालून कमी केलं ते हितंच भरून घेतलं की,’ बरोबर फिरणारा गुरुशांत म्हणायचा.

‘तू गप खा.’

घरी आकडा चढत गेला. रात्रीच्या जेवणातच चुकतंय असं समजून सिद्धम्मानं आधी भात बंद केला, मग भाकरी अर्ध्यावर आणली. त्यांना अर्धी वाढून स्वतःही अर्धीवर उठू लागली. पंचाक्षरी खाली मान घालून जेवत. सुशीलेचं सांगायचं तर ती पूजेआधी खाल्ल्याचंही सांगावं लागणार होतं.

तपासणीच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी आकडे पाहिले. ‘उपाशीपोटी एवढी राहत असेल तर रात्रीचं इन्सुलिन सुरू करू. रात्री काय वाढता?’

‘अर्धी भाकरी आन् पातळ वरण. माझंच कायतरी चुकतंय बघा.’

‘सकाळी चोरून काही खात नाहीत ना?’

सिद्धम्मा हसली. ‘पूजेआधी पाणीसुद्धा घेत न्हाईत हे.’

पंचाक्षरींचा हात सदऱ्याखालच्या लिंगाच्या चांदीच्या डबीवर गेला.

‘घेतो,’ ते म्हणाले. ‘फिरायला गेलो की सुशीला खातो. रोज.’

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. ‘चुरमुरे आणि गोड चहा, म्हणजे साखर झटकन वर. हे आकडे उपाशीपोटीचे नव्हतेच. या आकड्यांवरून इन्सुलिन दिलं असतं तर रात्री झोपेत साखर घसरली असती.’

रिक्षात सिद्धम्मा रस्त्याकडे तोंड करून बसली.

दुसऱ्या दिवशी पंचाक्षरी गाड्याकडे न बघता घरी आले. आंघोळ करून बाहेर येतात तो ताट वाढून ठेवलेलं. मशीन कपाटातच होतं.

‘आदी खावा,’ ती म्हणाली. ‘मग करा पूजा. सवय हाय की तुमाला.’

त्यांनी मशीन काढलं, स्वतःच बोट टोचलं. आकडा बराच खाली होता. त्यांनी मशीन तिच्यापुढे धरलं. तिनं बघितलं नाही.

‘भाकरी निवतीय,’ एवढंच म्हणून ती आत गेली.

ताट तसंच ठेवून ते पूजेला बसले. लिंग डाव्या तळहातावर घेतलं. पण त्याच्याकडे नजर लावायला त्यांना त्या दिवशी फार वेळ लागला.